आमच्या सिस्टरचा वर्षावास

शाळेत मी चौथीपर्यंत होते, त्यातलंही निम्मं वर्ष खुरपणीला घरी. तेव्हा ह्या वहीत ऱ्हस्व-दीर्घ जागोजाग चुकलेलं असणार, ते पोटात घालावं. अक्षर तर असं आहे की माझं मलाच दुसऱ्या दिवशी लागत नाही. हाताला पीठ असतं, पेन सरकतं. तसं हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. वही डब्यांच्या मागं राहणार आहे.

पण गल्लीत सिस्टरबद्दल काहीही बोलतात. परदेशात पकडली, कोठडीत होती, पोलिसांनी धरून विमानात बसवली. परवा टँकरच्या रांगेत एकजण म्हणाला, "हर्सूलची जेल घराजवळ असताना म्हातारी एवढ्या लांब कशाला गेली?" सगळे हसले. मी तिथंच होते, हंडा घेऊन. चारचौघांत मला तोंड उघडता येत नाही, कधीच आलं नाही. घरी आले, हंडा ठेवला आणि ही वही काढली.

सिस्टर आमच्या घरमालकीण. छावणीकडच्या एका खाजगी दवाखान्यात त्यांनी उभा जन्म नर्स म्हणून काढला. पेन्शन नाही. साठवलेल्या पैशातून हर्सूलच्या बाजूला चार खोल्या बांधल्या, एका खोलीत त्या, बाकीच्या भाड्यानं. आम्ही फुलंब्रीकडून शहरात आलो तेव्हा हे एका कंपनीच्या गेटवर वॉचमन लागले आणि मी होस्टेलच्या मुलींसाठी पोळ्या लाटायला लागले. खोली बघायला आम्ही दोघं गेलो. भाडं किती, असं हे विचारणार तेवढ्यात सिस्टरनी माझं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत उभ्या राहिल्या. पुरा एक मिनिट. मला वाटलं बाई भविष्य बघतात.

"एवढी घाबरतीस कशाला?" त्या म्हणाल्या. "भाडं अजून सांगितलं कुठं मी?"

त्यांची ती सवयच होती. भाडं द्यायला या, साखर मागायला या, भांडायला या, आधी नाडी. भांडायला आलेल्या माणसाचं मनगट एकदा धरलं की त्याला भांडता येत नाही, हे मी तिथंच पाहिलं. साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालायच्या, लग्नातसुद्धा. दुपारी खुर्चीत बसून, मान ताठ ठेवून झोपायच्या. डोळा लागलेला असला तरी दारात पाऊल वाजलं की म्हणायच्या, "बोला, काय होतंय?"

माझ्या सासूला आमचं तिथं राहणं पसंत नव्हतं. सिस्टर बौद्ध, आम्ही पाटलाच्या भावकीतले. सासू एकदा राहायला आली आणि ओट्यावर बसून मोठ्यानं म्हणाली, "त्यांच्या घरात पाणी प्यायचं म्हणजे." सिस्टर आत होत्या. बाहेर आल्या, सासूचं मनगट धरलं, मिनिट मोजलं आणि म्हणाल्या, "मावशी, नळाला पाणी आठवड्यानं येतं आपल्याकडं. ते बी कुणाचं घर बघून येत नाय. आलं की पिऊन घ्या. आणि मीठ कमी करा, नाडी लई उडती तुमची." सासू जाईपर्यंत कमी मिठाचं जेवली.

खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा एक हट्ट होता. पंचशील सगळेच म्हणतात, पण सिस्टर ते वापरायच्या. कुणी त्यांना फोनवर 'घरी नाही' म्हणून सांगायला लावलं तर त्या फोनवर सांगायच्या, "हाय घरात. पण नाय म्हणून सांगा म्हणती." एकदा महानगरपालिकेचा माणूस आला. नळाला मोटर लावून पाणी ओढायला बंदी आहे, पण आमच्या गल्लीत घरोघर मोटर. तो आला की सगळे मोटर काढून पोत्याखाली लपवतात. सिस्टरकडं मोटर नव्हती. तो म्हणाला, "आजी, तुमच्या गल्लीत कुणाकडं हाय का मोटर?"

"सगळ्यांकडं हाय," सिस्टर म्हणाल्या. "माझ्याकडं नाय, म्हणून तर मला पाणी येत नाय."

त्या दिवशी गल्लीत दंडाच्या पावत्या फाटल्या. महिनाभर कुणी सिस्टरशी बोललं नाही. समोरची बाई तर त्यांना बघून थुंकायची. तिच्याच सुनेला एक दिवस चक्कर आली तेव्हा सिस्टर न बोलावता गेल्या, साखरपाणी दिलं, रिक्षा बोलावली. परत आल्यावर मला म्हणाल्या, "तिनं अजून मोटर काढली नाय. न्हाणीत हाय." आणि हसल्या. त्यांचे पुढचे दोन दात नव्हते, हसल्या की लहान मुलासारख्या दिसायच्या.

आता मूळ गोष्टीला येते.

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खू एका जागी मुक्काम करतात, त्याला वर्षावास म्हणतात. आमच्या गल्लीच्या विहारात त्या तीन महिन्यांत रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात, बायका पांढऱ्या साड्या नेसून ऐकायला जातात. मला हे आधी माहीत नव्हतं, सिस्टरकडं राहून कळलं. सिस्टरना त्याची फार ओढ होती आणि दवाखान्याच्या ड्यूटीमुळं त्यांचा एकही वर्षावास कधी पुरा झाला नव्हता. आठ दिवस वाचन ऐकलं की नाइट यायची. रिटायर झाल्यावर गुडघे, मग मोतीबिंदू. "लोकांच्या उशाशी बसून जन्म गेला," त्या म्हणायच्या, "स्वतःपाशी बसले नाय. एक वर्षावास करीन मी. एक. पण अख्खा."

आमच्याकडं एक सहलवाले आहेत. ते दरवर्षी थायलंडची धम्मसहल काढतात, तिथली विहारं दाखवतात. तिथं आपल्याकडचेच, नांदेड भागातले एक भन्ते एका विहारात राहतात, त्यामुळं सोय होते. सिस्टरनी नाव घातलं. सहलवाले म्हणाले, आता व्हिसा लागत नाही, साठ दिवस तसंच राहता येतं. सिस्टरनी ते 'साठ दिवस' ऐकलं आणि गप्प बसल्या. मला तेव्हाच समजायला पाहिजे होतं. त्या गप्प बसल्या की काहीतरी ठरलेलं असायचं.

सहल आठ दिवसांनी परत आली. सिस्टर आल्या नाहीत. सहलवाले माझ्या दारात येऊन डोकं धरून बसले. "ताई, म्हातारीनं पौर्णिमेला बुद्धमूर्तीपुढं शपथ घेतली. आश्विन पौर्णिमेपर्यंत विहाराच्या गेटाबाहेर पाय टाकणार नाय म्हणती. मी किती विनवलं. माझीच नाडी बघायला लागली."

"मग आता?" मी दाराआडून विचारलं.

"आता काय, साठ दिवस तर चालतंय. पण वर्षावास तीन महिन्याचा हाय ना."

सिस्टर फोनवर चित्रासकट बोलायच्या. पहिल्यांदा फोन आला तेव्हा मी ओरडलेच. डोक्याचा गोटा, आणि भुवयासुद्धा नाहीत. तिकडं पांढरी वस्त्रं घेऊन विहारात राहणाऱ्या बायका डोकं आणि भुवया दोन्ही काढतात. त्यांना तसं करायची काही गरज नव्हती, त्या पाहुण्या होत्या. "करायचं तर पुरं करायचं," त्या म्हणाल्या. "भुवयांचं काय काम असतं, सांग बरं?"

त्यांच्या खोलीत एक थाई म्हातारी होती, ऐंशीच्या पुढची, तीही तशीच पांढऱ्या वस्त्रातली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. सिस्टर रोज तिची नाडी बघायच्या आणि ती सिस्टरला कसला तरी पाला उकळून गुडघ्याला लावायची. फोनवर मागं तिचा आवाज यायचा, सिस्टर तिला मराठीतच उत्तर द्यायच्या. "काय म्हणती ती?" मी विचारायचे. "काय माहीत. पण बरोबर बोलती."

साठ दिवस संपत आले तसे तिथले भन्ते काळजीत पडले. त्यांनी मलाही फोन केला, कारण सिस्टरच्या फोनमध्ये घरचा म्हणून माझाच नंबर होता. त्यांनी मला नीट समजावलं, म्हणून मला हे माहीत. मुदत आणखी एक महिना वाढवून मिळते. शहरातल्या ऑफिसात स्वतः जाऊन फी भरायची, फोटो द्यायचा, झालं. बसनं तासाभराची वाट. तेवढ्या महिन्यात आश्विन पौर्णिमा होऊन गेली असती. पण त्यासाठी गेटाबाहेर जायला पाहिजे.

"मी त्यांना सांगितलं," भन्ते म्हणाले, "की खऱ्या कामासाठी भिक्खूंनासुद्धा सात दिवसांपर्यंत बाहेर जाता येतं. नियमातच आहे तसं. त्या म्हणतात, ते भिक्खूंना, त्यांनी वर्षावास खूप केलेत. माझा एकच आहे."

मी सिस्टरना फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उलट बोलले. "सिस्टर, जाऊन या की. तासाची तर वाट हाय."

"त्या ऑफिसवाल्याला इकडं बोलवा म्हणलं मी. चहा पाजते."

"तो कशाला येईल?"

"का? त्याच्या गावात बुद्ध, त्याच्या पगाराच्या कागदावर बी बुद्धाचं वर्ष लिहितात म्हणं. वर्षावास मोडून फी भरायला ये, असं म्हणणारा साहेब तिथं असंल का? तूच सांग."

ही त्यांची चूक होती. ती मी लपवत नाही, त्यांनीही लपवली नाही. त्यांना खरंच वाटत होतं की बुद्धाच्या देशात सरकारसुद्धा विहारासारखंच चालत असेल. भन्त्यांनी त्यांना सांगितलं की मुदत संपल्यावर दर दिवसाचा दंड चढतो. स्वतः विमानतळावर जाऊन दंड भरला तर जाऊ देतात. पण त्याआधी पोलिसांनी तपासणीत पकडलं तर कोठडी, आणि पुढं कित्येक वर्षं देशात पाऊल टाकता येत नाही. तेव्हा मात्र सिस्टर चपापल्या. मग म्हणाल्या, "पकडायचं तर पकडू दे. पण गेटाच्या आत पकडायला सांगा."

तो महिनाभर मी पोळ्या जाळल्या. विहारात एखादी गाडी शिरली की भन्त्यांचा जीव खालीवर व्हायचा, आणि इथं फोन वाजला की माझा. ह्यांना मी एकदा म्हणाले, "सिस्टरला धरून नेलं तर?" हे म्हणाले, "धरणाऱ्याची नाडी बघतील." पण रात्री त्यांनीही दोनदा विचारलं, फोन आला का म्हणून.

कुणी पकडलं नाही. आश्विन पौर्णिमा झाली. सिस्टरचा वर्षावास पुरा झाला, अख्खा. त्या दिवशी त्यांनी फोन केला तेव्हा फक्त एवढंच म्हणाल्या, "झाला." मला तेव्हा काय वाटलं ते मला लिहिता येत नाही. आमच्या घराण्यात कुणी काही असं पुरं केलेलं मला आठवत नाही.

मग दंड. सहलवाल्यांनी इथून युक्ती सांगितली, मी होते तेव्हा समोर. "सिस्टर, तिथल्या एखाद्या डॉक्टरचं सर्टिफिकेट घ्या. आजारी होते, प्रवास जमत नव्हता म्हणून. भन्ते ओळखीचा डॉक्टर देतील. दंड कदाचित माफ होईल, आणि पासपोर्ट स्वच्छ राहील."

"चाळीस वर्षं दवाखान्यात होते मी," सिस्टर म्हणाल्या. "डॉक्टरांनी खोटी सर्टिफिकिटं दिली, मी कागद सुद्धा आणून दिला नाय. आता स्वतःचं घेऊ? मी एकदम ठणठणीत हाय."

दंडाचा आकडा भन्त्यांनी काढला तेव्हा सिस्टरकडं त्याच्या निम्मेसुद्धा पैसे नव्हते. नेलेलं बरंचसं त्यांनी आधीच विहाराला दान केलं होतं, आणि इथलं एटीएमचं कार्ड तिकडं चालेना. भन्ते कुणाकडं तरी मागायला निघाले. तेवढ्यात त्या थाई म्हातारीनं खाटेखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा ओढला. त्यात नोटा होत्या, रबर लावलेल्या. तिकडच्या म्हाताऱ्या बायका स्वतःच्या मयताचे पैसे असे साठवतात, मागं राहणाऱ्यांवर भार नको म्हणून. लाकडं, भिक्खूंचं जेवण, सगळं त्यात. तिनं डबा सिस्टरच्या मांडीवर रिकामा केला.

सिस्टर नको म्हणाल्या. भन्ते मध्ये पडले. म्हातारी हसत काहीतरी बोलली. भन्त्यांनी सांगितलं, "ती म्हणते, मला इतक्यात कुठं जायचंय? तुला तर आज जायचंय."

विमानतळावर आणखी एक घोळ झाला. पासपोर्टातल्या फोटोत अंबाडा आणि जाड भुवया, आणि समोर ही अशी. साहेब एकदा फोटो बघायचा, एकदा सिस्टरकडं. शेवटी बोटांचे ठसे जुळले. दंड भरला, पावती मिळाली आणि पासपोर्टावर मुदतीबाहेर राहिल्याचा शिक्का बसला. सिस्टर आम्हाला तो शिक्का दाखवायच्या, दाराशी आलेल्या कुणालाही. लपवायचा तर त्यांच्या मनातही आलं नाही.

घरी आल्या आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांनी काम धरलं. ज्योतीनगरकडं एका घरी लकवा झालेल्या आजोबांची देखभाल. सत्तरीला आलेली बाई, गुडघे असे, आणि रोज पहाटे दोन बस बदलून जायची. मी म्हणाले, "सिस्टर, आता तर निवांत बसायचं होतं ना तुम्हाला?"

"बसायचं ते बसले," त्या म्हणाल्या. "आता डबा भरायचा हाय तिचा."

लोकांनी सांगितलं, बँकेतून पाठवा. पण म्हातारीचं बँकेत खातं नव्हतं. भन्ते म्हणाले, माझ्या नावावर पाठवा, मी देतो. सिस्टर म्हणाल्या, "भन्तेजी, मी हातातून घेतले. तिच्या हातात देईन." आणि घाई होती. म्हातारी पडून असते, असं फोनवर कळलं होतं. "डबा रिकामा असताना ती गेली," सिस्टर एकदा मला म्हणाल्या, "तर माझा वर्षावास तिच्या लाकडांवर झाला असं होईल." हे बोलताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. एवढ्या वर्षांत तेवढं एकदाच मी त्यांना घाबरलेलं पाहिलं.

पुढच्या वर्षीच्या सहलीत नाव घालायला त्या गेल्या तर सहलवाले हात जोडायला लागले. "सिस्टर, शिक्का हाय तुमच्या पासपोर्टावर. बंदी नाय, पण तिथल्या साहेबानं मनात आणलं तर दारातून परत पाठवतो. मग तुमचं तिकीट पाण्यात."

"मला पाठवंल. हिला थोडंच पाठवंल?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

मी ओट्यावर गहू निवडत होते. हातातलं सूप तसंच राहिलं.

त्यांनी सगळं ठरवून ठेवलं होतं. सहलवाल्यांबरोबर दरवेळी एक स्वयंपाकी जातो, कारण आपल्या माणसांना तिकडचं जेवण जात नाही. पोळ्या करायला मला न्यायचं, पोळ्यांच्या बदल्यात माझं तिकीट. "ही एका दमात शंभर पोळ्या करती, आणि तोंडातून शब्द काढत नाय. असा स्वयंपाकी मिळंल का तुला?" सहलवाल्यांना ते पटलं. मला कुणी विचारलंच नाही. ह्यांना सांगितलं तर "विमानात?" एवढंच म्हणाले. तिसऱ्या दिवशी चाकाची बॅग घेऊन आले.

बदलून आणलेल्या नोटा सिस्टरनी कापडी पिशवीत शिवल्या. विमानातून उतरायच्या आधी त्यांनी ती पिशवी माझ्या परकराच्या नाडीला स्वतःच्या हातानं बांधली. "नीट ऐक. रांगेत तू माझ्या पुढं. तुझा शिक्का झाला की चालत सुटायचं. मला थांबवलं तरी मागं फिरायचं नाय. तू मागं फिरलीस तर पैसे बी मागं फिरले."

"पण सिस्टर, मला तिथं..."

"बोलायचं कुठं हाय तुला? द्यायचंय."

माझा शिक्का लगेच झाला. त्या साहेबानं माझ्याकडं नीट बघितलंही नाही. मी पलीकडं जाऊन उभी राहिले. सिस्टरचा पासपोर्ट बघून त्यानं यंत्रात काहीतरी पाहिलं, मग दुसऱ्या साहेबाला बोलावलं. सहलवाले धावत गेले. त्यांनी सिस्टरना आधीच पढवून ठेवलं होतं, विचारलं तर 'चुकून झालं' म्हणायचं, बाकी काही नाही. तो मोठा साहेब इंग्रजीत म्हणाला, "मागच्या वेळी जास्त राहिलात. मिस्टेक?"

मला ते तिथून ऐकू आलं, एवढं ते जवळ होतं. सिस्टर ताठ उभ्या होत्या, पांढरे बूट जुळवून.

"नो मिस्टेक," त्या म्हणाल्या. "आय नो. आय स्टे."

सहलवाल्यांनी कपाळावर हात मारला. साहेबानं आणखी काही विचारलं, सिस्टरनी आणखी खरं सांगितलं. वर्षावास, गेट, शपथ, सगळं, निम्मं मराठीत. साहेब रागावला नाही. त्यानं शांतपणे काहीतरी सांगितलं आणि पासपोर्ट ठेवून घेतला. नंतर सहलवाल्यांनी मला सांगितलं, तो म्हणाला, विहाराचा नियम विहारात, ह्या खिडकीवर ह्या खिडकीचा. जाणून राहिलात, पुन्हाही राहाल. पुढच्या विमानानं परत जायचं.

माझे पाय मागं वळले होते. सिस्टरनी काचेतून बघितलं आणि दवाखान्यात भेटायची वेळ संपल्यावर नातेवाइकांना हाकलतात तसा हात केला. जा, जा. मी गेले. रडत गेले, पण गेले.

त्यांना एका खोलीत बसवून संध्याकाळच्या विमानानं परत पाठवलं. कोठडी नव्हती, पोलीस नव्हते. गल्लीत जे सांगतात ते खोटं आहे. एक 'मिस्टेक' म्हणाल्या असत्या तर आत आल्या असत्या. वर्षभर दुसऱ्याचं अंग पुसून जमवलेलं तिकीट त्यांनी तेवढ्या एका शब्दासाठी घालवलं. असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही आणि ती माझी घरमालकीण आहे, ह्याचा मला अभिमान वाटतो.

दोन दिवसांनी आमची सहल त्या विहारात पोचली. शंभर पोळ्या करून मी हात धुतले आणि भन्त्यांना म्हणाले, "मला त्या आजींकडं न्या." भन्ते म्हणाले, तुमचा आवाज मी पहिल्यांदाच समोरून ऐकतो आहे.

म्हातारी खाटेवर आडवी होती, अंगानं अगदी मुठीएवढी झालेली. सिस्टर कुठं, असं तिनं हातानंच विचारलं. भन्त्यांनी झालेलं सांगितलं. ती बराच वेळ ऐकत राहिली, मग इतकी हसली की तिला ठसका लागला. मी तिला पाठीला हात लावून बसती केली, पिशवीची शिवण दातानं उसवली आणि नोटा तिच्यापुढं ठेवल्या.

तिनं त्या माझ्याकडं सरकवल्या. भन्ते म्हणाले, "आजी म्हणतात, हे दान समजा. वर्षावासाला दिलेलं पुण्याचं असतं."

मी आयुष्यात कुणाला आग्रह केलेला नाही. भाजीवाल्याशी घासाघीस करत नाही. पण मी त्या नोटा परत तिच्या मांडीवर ठेवल्या आणि मराठीत म्हणाले, "नाय आजी. मोजून घ्या."

तिनं पुन्हा सरकवल्या. मी पुन्हा ठेवल्या. "दान दान, उसने उसने," मी म्हणाले. "सिस्टर मला घरात घेणार नाय. मोजा."

भन्त्यांनी हे तिला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग बोटाला थुंकी लावून एक एक नोट मोजायला लागली. मध्येच चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजली. कुणी घाई केली नाही. मोजून झाल्यावर तिनं खाटेखालचा डबा मागितला, मी ओढून दिला. रबर लावून तिनं नोटा आत ठेवल्या आणि झाकण दाबून बसवलं.

मी तिथूनच फोन लावला. सिस्टर खुर्चीत होत्या, पहिल्या रिंगलाच उचलला.

"फिटले?"

"फिटले."

"पुरे?"

"पुरे, सिस्टर. आजींनी स्वतः मोजले. दोनदा."

म्हातारीनं फोनकडं तोंड करून काहीतरी सांगितलं. भन्ते म्हणाले, "ती म्हणते, डबा भरला, आता ती मरायला मोकळी."

"तिला म्हणावं," सिस्टर म्हणाल्या, "पैसे दिलेत. घाई कर म्हणलेलं नाय."